ओंडक्याची उंची शेवटी मोजा

सारंगखेड्याच्या बाजारात घोडा घ्यायला आलेला माणूस आधी भोवरे बघतो, मग पायांचं पांढरं, मग दात, आणि शेवटी लगाम धरून दहा-वीस पावलं चालवून बघतो. घोडा ज्या जमिनीवर उभा आहे तिच्याकडे कुणी ढुंकूनही बघत नाही, आणि बाजारात त्यावाचून अडतही नाही. दत्तजयंतीच्या या यात्रेत चालीला, नाचाला आणि शर्यतीला मान आहे. क्रॉस-कंट्री हा प्रकार मात्र असा आहे की तिथे घोड्याआधी जमीन बघावी लागते, आणि तीही घोड्याच्या डोळ्यांनी.

माहीत नसलेल्यांसाठी थोडक्यात सांगतो. इव्हेंटिंग म्हणजे एकाच घोड्याची आणि स्वाराची तीन अंगांनी परीक्षा: ड्रेसाज (शिस्तबद्ध चालींची परीक्षा), क्रॉस-कंट्री (मोकळ्या रानातून पक्क्या अडथळ्यांवरून दौड) आणि शो जंपिंग (मैदानात दांड्यांवरून उड्या). शो जंपिंगमधली दांडी धक्का लागला की खाली पडते. क्रॉस-कंट्रीतला ओंडका पडत नाही, पडतो तो घोडा. भारताला हा खेळ नवा नाही. 1982 च्या दिल्ली एशियाडमध्ये रघुबीर सिंग यांनी यात वैयक्तिक सुवर्ण मिळवलं, सांघिक सुवर्णही आपलंच होतं. 2018 साली जकार्तात फवाद मिर्झांनी वैयक्तिक रौप्य आणलं आणि संघालाही रौप्य मिळालं. पण हे सगळं लष्कराच्या आणि मोठ्या शहरांतल्या क्लबांच्या वर्तुळातलं. घोड्यांचा एवढा मोठा बाजार भरवणाऱ्या खान्देशात हा खेळ अजून रुजलेला नाही.

समजा, उद्या कुणी तापीकाठी दोन किलोमीटरचा, बारा अडथळ्यांचा कोर्स आखला. जमीन आहे, घोडे आहेत, बघायला माणसं तर आहेतच. पहिल्याच दिवशी काय होईल हे आत्ताच सांगता येतं. सहाव्या अडथळ्यावर एक घोडा पडेल, संध्याकाळपर्यंत त्याची रील शहाद्यापासून चाळीसगावपर्यंत फिरेल. एक बाजू म्हणेल, मुक्या जनावराचे हाल आहेत, बंद करा. दुसरी म्हणेल, ज्याच्यात दम नाही त्यानं घोड्यावर बसू नये. पारावर बसलेला कुणी निकाल देऊन टाकेल, "कोर्स भलता अवघड व्हता भो." आणि या सगळ्यांची तोंडं बंद करायला आयोजक रातोरात बाराही अडथळे दहा-दहा सेंटिमीटरनं उतरवतील.

माझा आक्षेप या दहा सेंटिमीटरला आहे. कोर्स फार अवघड आहे का, हा प्रश्न योग्यच, तो विचारलाच पाहिजे. पण त्याचं उत्तर टेपनं उंची मोजून मिळत नाही. उलट उंची उतरवल्यानं धोका वाढल्याची उदाहरणं या खेळात जागोजाग सापडतात.

आंतरराष्ट्रीय महासंघाचे म्हणजे एफईआयचे आकडेच बघा. एक-स्टार पातळीला पक्क्या अडथळ्याची कमाल उंची 1.05 मीटर, दोन-स्टारला 1.10, तीनला 1.15, चारला 1.20. आणि पाच-स्टारला? तीही 1.20. जगातल्या सर्वांत अवघड कोर्सचा पक्का ओंडका सर्वांत खालच्या आंतरराष्ट्रीय पातळीपेक्षा अवघा 15 सेंटिमीटर उंच. वेगही मिनिटाला 500 मीटरवरून 570 वर जातो, त्याहून जास्त नाही. तरीही एक-स्टारचा घोडा पाच-स्टारच्या कोर्सवर नेला तर तो तिसऱ्या-चौथ्या अडथळ्याच्या पुढे सुखरूप जाईल याची खात्री कुणी देणार नाही. अवघडपणा उंचीत असता तर एवढी दरी पडलीच नसती. तो असतो दोन अडथळ्यांमधल्या अंतरात, वळणात, उतारात, उजेडात, आणि घोड्याला विचार करायला किती ढांगा मिळतात यात.

आता घोडा पडतो कसा, ते नीट समजून घेऊ. पाय घसरून पडला तर बहुतेकदा तो कुशीवर पडतो आणि उठतो. जिवावर बेततं ते कोलांटी पडण्यात. घोडा अडथळ्याच्या फार जवळ येतो, पुढचे पाय वेळेवर गोळा होत नाहीत, गुडघ्याच्या वरचा भाग ओंडक्याला अडतो, आणि मागचं साडेचारशे-पाचशे किलोंचं धूड ताशी तीस किलोमीटरच्या वेगानं डोक्यावरून उलटतं. खाली स्वार असतो. 1999 च्या एकाच हंगामात ब्रिटनमध्ये पाच स्वार दगावले. त्यानंतर नेमलेल्या समितीच्या 2000 सालच्या अहवालाचा गाभा साधा होता: स्वाराची इजा टाळायची असेल तर घोडा पडणं टाळा. पुढच्या काळात धक्क्यानं सुटणाऱ्या खिळांवर आणि क्लिपांवर ओंडके बसवायला सुरुवात झाली, ती याच विचारातून. असा ओंडका सुटला तर 11 दंडगुण बसतात, पण घोडा आणि माणूस घरी जातात.

कोलांटीला कोणता अडथळा जास्त पोषक? उभा, बारीक, हवेशीर. निलगिरीचे दोन वासे आडवे बांधले, मधून आरपार दिसतंय, खाली जमिनीवर काहीच नाही, असा. घोडा उडी कुठून घ्यायची हे अडथळ्याच्या पायथ्यावरून ठरवतो. पायथ्याशी, वरच्या ओंडक्याच्या थोडं पुढे, एखादा जाड ओंडका किंवा कडब्याच्या पेंढ्यांची ओळ असली की त्याला रेघ मिळते. तीच रेघ चुकून वरच्या ओंडक्याच्या मागे गेली तर घोडा फसतो, हमखास जवळ येतो. म्हणून अडथळ्याचा चेहरा मागे झुकलेला हवा, ओंडके मनगटाएवढे नकोत, मांडीएवढे हवेत, आणि पोट भरलेलं हवं. असा एक मीटरचा भरीव, तिरपा अडथळा ऐंशी सेंटिमीटरच्या हवेशीर वाशांपेक्षा सुरक्षित असतो. कारण घोडा त्याला मान देतो. ऐंशी सेंटिमीटरचे वासे बघून घोडाही निवांत होतो आणि स्वारही. दोघं वेग कमी करत नाहीत, उडी सपाट पडते, पाय लोंबतात. दहा सेंटिमीटर उतरवून आयोजकांनी नेमकं हे निवांतपण विकत घेतलेलं असतं.

आपल्याकडच्या हौसेचा एक नमुना इथेच सांगून टाकतो. अडथळा म्हणून बैलगाडी उभी करायची कल्पना कुणाला ना कुणाला सुचणारच, फोटो छान येतो. पण चाकाच्या आऱ्यांमध्ये पाय अडकला तर तो मोडूनच बाहेर येतो. गाडी ठेवायची तर चाकं आतून फळ्यांनी बंद करा, जू आणि साट्याची टोकं उडीच्या रेषेबाहेर घ्या, आणि चाकांना दोन्ही बाजूंनी खुंट्या ठोका. ओंडकेही खिळ्यांनी ठोकू नयेत, दोरानं बांधावेत. घोडा अडकला तर कोयत्यानं दोन घावांत सुटला पाहिजे.

अवघडपणाचे माझ्या मते दोन वेगळे वाण आहेत आणि सगळा गोंधळ ते एकाच पोत्यात भरल्यानं होतो. पहिल्या वाणात चुकलं तर घोडा अडतो किंवा बगल देतो. अरुंद अडथळा, कोपऱ्याचा अडथळा, वळणावरचा बाणासारखा अडथळा या वाणाचे. स्वारानं रेषा धरली नाही की घोडा शेजारून निघून जातो, 20 दंडगुण, पुन्हा वळा, पुन्हा या. दुसऱ्यांदा तिथेच अडला तर आणखी 40. इज्जत जाते, हाड मोडत नाही. दुसऱ्या वाणात चुकलं तर घोडा पडतो: उतारावरचा उभा अडथळा, सावलीच्या कडेवरचा, पलीकडची जमीन अचानक खचणारा, अंतर फसवणारा. स्पर्धेत सरस-नीरस ठरवायचं असेल तर पहिल्या वाणानं हवं तेवढं ठरवा. माझी हरकत नाही, अर्धे लोक अडले तरी नाही. घोडा अडणं हा अपघात नव्हे. समोरचं समजलं नाही म्हणून थांबणारा घोडा शहाणाच म्हणायचा.

घोड्याला समोरचं समजतं कसं, हाही भाग महत्त्वाचा आहे. त्याचे डोळे डोक्याच्या बाजूला असतात. आजूबाजूचं भरपूर दिसतं, पण कपाळाच्या अगदी समोरचं आणि नाकाखालचं दिसत नाही. उडीच्या शेवटच्या क्षणी अडथळा त्याच्या नजरेतून निसटलेला असतो, तो आठवणीवर उडतो. लाल-हिरव्यातला फरक त्याला नीट कळत नाही, म्हणून हिरवळीपुढचा नारिंगी रंग माणसाला भडक आणि घोड्याला मळकट. ब्रिटनमधल्या अडथळा-शर्यतींत अडथळ्यांवरचा नारिंगी रंग बदलून पांढरा करायला घेतला तो या कारणानं. आपल्याकडे झेंडूच्या माळा आणि गेरूचे पट्टे लावायची हौस असते. लावा, पण अडथळ्याच्या वरच्या कडेला चुन्याचा पांढरा हात फिरवायला विसरू नका. उन्हातून दाट निंबाच्या सावलीत शिरताना घोड्याचे डोळे माणसापेक्षा उशिरा सरावतात. अडथळा सावलीच्या कडेवर आला तर तो शेवटच्या दोन ढांगांत आंधळा असतो. मार्गशीर्षात सूर्य दिवसभर दक्षिणेकडे कललेला राहतो, सकाळी आठला उगवतीकडे तोंड करून घेतलेली उडी आणि दुपारी दोनला घेतलेली उडी हे दोन वेगळे अडथळे समजावेत. कोर्स ज्या वेळी पळवायचा त्याच वेळी चालून बघायला हवा.

इथे सारंगखेड्याच्या घोड्यांचा एक खास प्रश्न येतो. बाजारात भाव मिळतो तो कमानदार मानेला, हनुवटी छातीशी घेऊन रेवाल या बिनधक्क्याच्या चालीत निघालेल्या मारवाडी घोड्याला. दिसायला देखणा, वादच नाही. पण हनुवटी छातीशी असताना घोड्याला समोरचं दिसत नाही, नजर पायांपुढच्या जमिनीवर राहते. अडथळा जोखायला त्याला नाक पुढे काढून मान मोकळी सोडावी लागते. वर्षभर नाचाला तयार केलेला घोडा कडक काटेरी लगामासह कोर्सवर आणला तर साठ सेंटिमीटरचा ओंडकाही त्याला फार अवघड. तिथे दोष ओंडक्याचा नसतो. अशा घोड्याला किमान तीन-चार महिने साध्या लगामात, लांब मानेवर, जमिनीवर टाकलेल्या वाशांवरून दुडकी आणि कॅन्टर (भरधाव दौडीपेक्षा संथ पळ) करवल्याशिवाय नावनोंदणीच घेऊ नये. सर्वांत आधी उतरवायची गोष्ट असेल तर तो लगाम.

अंतरांचं गणितही पुस्तकातून उचलून चालत नाही. सोळा हात उंचीच्या (घोड्याच्या मापातला हात चार इंचांचा) विलायती घोड्याची कॅन्टरमधली ढांग साधारण 3.6 मीटर धरतात. दोन अडथळ्यांत एका ढांगेची जागा सोडायची तर उतरायला 1.8, ढांग 3.6, उडायला 1.8, मिळून 7.2 मीटर. आपला साडेचौदा-पंधरा हातांचा मारवाडी किंवा काठियावाडी घोडा याच गतीत 3.2 ते 3.4 मीटर टाकतो, आणि अडथळा कमी उंच असला की उतरतोही अलीकडे. त्याच्यासाठी हीच जागा साडेसहा मीटरच्या आसपास बसते. 7.2 वर मांडून ठेवलं तर धाडसी घोडा लांबून झेप टाकतो आणि भित्रा मध्ये दोन तुटक ढांगा घालून दुसऱ्या ओंडक्यावर छातीनं चढतो. सत्तर सेंटिमीटरचा फरक, आणि उंचीत तसूभर बदल नाही. बाजारात दोन्ही प्रकारचे घोडे उतरणार असतील तर एका ढांगेचं जोडकाम नकोच. पाच-सहा ढांगा सोडा, घोडे आपापलं जुळवून घेतात.

जमिनीबद्दल मात्र सविस्तर बोललं पाहिजे, कारण विलायती पुस्तकांतली हिरवळ आपल्याकडे नाही आणि तापीकाठची काळी जमीन त्या पुस्तकांत नाही. काळी माती सुकली की विटेसारखी होते, भेगाळते, आणि पाणी प्यायली की खुराला गोळे धरते. या दोन टोकांच्या मध्ये तिचे थोडेच दिवस चांगले. शेतकऱ्याला ते बरोबर कळतात, त्याला वापसा म्हणतात. उडीच्या जागेचं काम वापशावरच करावं. अडथळ्याच्या अलीकडे पाच मीटर आणि पलीकडे आठ मीटर, पूर्ण रुंदीत, स्पर्धेच्या आठ-दहा दिवस आधी हलकं पाणी द्यावं. वापसा आला की भेगा बारीक मातीनं भरून वखराची पाळी द्यावी, ढेकळं फोडावीत, वर फळी फिरवावी. आदल्या रात्री धूळ बसावी म्हणून टँकरनं पाणी मारायची आयोजकांना फार घाई असते. काळ्या जमिनीवर ते पाणी म्हणजे साबण, वरचा बोटभर थर निसरडा आणि खाली दगड. परीक्षा सोपी आहे: बुटाची टाच जोरात मारा. एक-दीड इंच रुतली तर ठीक, नुसता आवाज आला तर घोड्याचे पाय जातील, घोट्यापर्यंत गेली तर शिरा जातील.

आणि जे दिसत नाही ते शोधायला हवं. कापूस उपटून न काढता विळ्यानं छाटलेल्या शेतात पऱ्हाटीचे तिरपे धसकट राहतात, ते सुऱ्यासारखे खुराच्या तळव्यात घुसतात. तुरीचेही तसेच. ठिबकची 16 मिलिमीटरची काळी नळी काळ्या मातीवर माणसालाच दिसत नाही, घोड्याला काय दिसणार! एका बाजूनं दबून दुसऱ्या बाजूनं ताणलेली नळी म्हणजे घोट्याच्या उंचीचा फास. विजेच्या खांबाची तणावाची तार, बुजवलेल्या चारीची भुसभुशीत जागा, बांधावरची घुशीची बिळं, हे सगळं त्या शेताचा मालक अंधारातही दाखवू शकतो. म्हणून कोर्स चालताना आराखडा काढणाऱ्याबरोबर जमिनीचा मालक किंवा सालदार असलाच पाहिजे. खान्देशात याहून चांगला तांत्रिक सल्लागार मिळणार नाही.

पाण्याचा अडथळा सगळ्यांना हवा असतो, गर्दी तिथेच जमते. 1936 च्या बर्लिन ऑलिंपिकमधला चौथा अडथळा, उडी मारून तळ्यात उतरण्याचा, आजही शिव्या खातो. उडी काही फार मोठी नव्हती, पण पाण्याखालचा तळ फसवा होता आणि तिथे घोड्यांमागून घोडे कोसळले. आता नियमानं खोली 35 सेंटिमीटरच्या वर चालत नाही. तापीच्या पात्रात उतरून हा नियम पाळता येत नाही, गाळ आणि डोह रातोरात जागा बदलतात. वेगळा उथळ खड्डा खणा, तळाला मुरूम दाबून रोलर फिरवा, काठी घेऊन दर मीटरला खोली बघा, आणि नवख्या घोड्यांसाठी उडी न मारता चालत उतरायची घसरण ठेवा.

वेळेच्या चुका तर कुणाच्या लक्षातही येत नाहीत. दोन किलोमीटर, मिनिटाला 400 मीटर, म्हणजे पाच मिनिटं. पण मोजचाक फिरवणाऱ्यानं वळणं आतून कापली आणि घोड्याची खरी वाट 2,100 मीटर निघाली, तर प्रत्येक स्वार 15 सेकंद मागे पडतो. सेकंदाला 0.4 प्रमाणे सहा दंडगुण. स्वाराला ते माहीत नसतं. त्याला घड्याळ दिसतं आणि तो शेवटच्या चार अडथळ्यांवर दमलेला घोडा रेटतो. बाहेरून दिसतं की शेवटचे अडथळे अवघड होते. तसंच लांबच्या पर्यायी वाटेचं. प्रत्येक अवघड अडथळ्याला एक सोपा फाटा असावा असं सगळेच म्हणतात, पण तो किती लांब याचा हिशेब कुणी करत नाही. साठ-सत्तर मीटरचा वळसा म्हणजे दहा सेकंद, चार गुण. नवखा स्वार तो आनंदानं घेईल. दोनशे मीटरचा वळसा म्हणजे बारा गुण, मग त्याला वाटतं, थेटच जाऊ, अडला तर अडला. असा फाटा कागदावरचाच.

उष्णतेत काय कमी करायचं, याचं चांगलं उदाहरण टोकियोनं दिलं. 2021 साली झालेल्या त्या ऑलिंपिकमध्ये दमट उकाड्यामुळे सुमारे दहा मिनिटांचा कोर्स आठ मिनिटांच्या आत आणला आणि फेरी सकाळीच सुरू केली. कापलं ते अंतर, ओंडके बुटके करून वेळ मारून नेली नाही. फवाद मिर्झा त्या स्पर्धेत 23 वे आले. त्याच कोर्सवर एका स्विस घोड्याच्या पायाचं लिगामेंट तुटलं आणि त्याला कायमचं झोपवावं लागलं. अशी इजा सपाटीवरच्या दौडीतही होऊ शकते, त्यावरून लगेच एखाद्या अडथळ्याला आरोपी करता येत नाही. सारंगखेड्याच्या यात्रेत, थंडीत, हा प्रश्न सकाळी उद्भवत नाही. पण हाच खेळ कुणी एप्रिलमध्ये जळगावला भरवायचं म्हणाला, तर त्याला कोर्स दाखवायचीही गरज नाही, थर्मामीटर दाखवा.

एवढं सगळं करूनही काही प्रश्न स्पर्धेच्या दिवशीच सुटतात, आणि त्यासाठी माझी मागणी एका वहीची आहे. प्रत्येक अडथळ्यावर एक पंच, त्याच्या हातात एक पान. कितव्या नंबरचा घोडा आला, साफ गेला, अडला, बगल दिली, पडला. आणि सर्वांत महत्त्वाचा शेवटचा रकाना: साफ गेला पण कसा? "छाती घासली", "लांबून झेपावला", "पुढचे पाय लागले", "उतरताना गुडघे टेकले". या रकान्याला गुण नाहीत, म्हणून तो कुणी भरत नाही. पण ज्या अडथळ्यावर एकही घोडा अडला नाही आणि वीसपैकी आठ घासत गेले, तो कोर्सवरचा सर्वांत वाईट अडथळा आहे. नववा पडायची वाट बघायची नसते.

वही वाचायची कशी? वीस घोडे, बारा अडथळे, म्हणजे 240 उड्या. समजा त्यांत 14 नकार आले. आठ-नऊ अडथळ्यांवर विखुरलेले असतील तर कोर्स आपलं काम करतोय, कुणाचंही ऐकू नका. चौदापैकी नऊ एकट्या सहाव्यावर असतील तर सहाव्याजवळ जा, पण अडथळ्यापाशी थांबू नका, सहा ढांगा मागे जाऊन उभे राहा. रीलमध्ये पडण्याचा क्षण असतो, त्याआधीच्या सहा ढांगा नसतात. नवव्यापासून पुढे गर्दी झाली असेल तर लांबी, वेग किंवा घोड्यांची तयारी तपासा. पहिल्या दोनवरच अडत असतील तर बहुधा घोडा कळप सोडून निघायला तयार नाही, किंवा डीजे शेजारी लावलाय. स्पीकर बंद करायला खर्च येत नाही. फक्त पहिले पाच अडले आणि नंतर कुणीच नाही, तर सूर्य वर आला. शेवटचे पाच अडले, तर उतरायची जागा खणली गेली. दर चार-पाच घोड्यांनंतर दोन माणसांनी फावड्यानं ती भरली असती तर हे झालं नसतं. आणि कोण अडलं तेही बघा. अनुभवी जोड्या जिथे फसल्या तो दोष अडथळ्याचा. नवख्याच फसल्या असतील, तर त्यांना आत घेणाऱ्या नोंदणीच्या टेबलाचा.

एक हरकत येईल: बारा-पंधरा घोड्यांच्या गावठी स्पर्धेत एवढ्या थोड्या आकड्यांवरून काय सिद्ध होणार? टक्केवारी काढायला बसलात तर काहीच नाही. म्हणून तर मी शेरे लिहा म्हणतो, टक्के नको. दुसरी हरकत आखणाऱ्याची असते: मी तीस वर्षं घोडे पळवतोय, मला काय सांगता. ज्यानं कोर्स आखला त्याला अंतर पाठ असतं, त्याच्या डोळ्यांना फसवा अडथळा फसवा दिसतच नाही. कोर्स मंजूर करणारा माणूस वेगळा हवा, त्यानं आदल्या दिवशी एकट्यानं चालावं आणि एखादा अडथळा रद्द करायचा त्याचा अधिकार आधीच लिहून ठेवलेला असावा. देणगीदाराच्या नावाची पाटी लावलेला अडथळा काढायला सांगणं सोपं नसतं, हे मान्य. म्हणून पाट्या प्रवेशद्वारावर लावा, ओंडक्यांवर नको.

संध्याकाळी वहीची पानं एकत्र करून एकच तक्ता करावा आणि घोड्यांच्या तंबूबाहेर लटकवावा, अडथळ्याचा क्रमांक, नकार, पडझड, शेरे. मग "भलता अवघड व्हता" म्हणत येणाऱ्या आप्पांना एवढंच विचारता येईल, "कितव्यावर, आप्पा?"